नापासाची चिठ्ठी

माझा नवरा सोनाजी म्हंजे नुसत्या तोंडानं गाव जिंकणारा माणूस. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या डोंगरकडा गावात मोठ्या माणसांना लिहाय-वाचाय शिकवायचा वर्ग निघाला, तर ह्यानं घरोघर हिंडून पंधरा जण गोळा केले. शिकवायला आमचीच पोरगी पद्मा, मॅट्रिक झालेली. "पोरगी माझी, पहिला नंबरबी माझाच!" असं सांगत हा गावभर फिरला.

शिकला मात्र कप्पाळ! मीबी त्याच वर्गात. चुलीपुढं मी धडा मोठ्यानं वाचायची, हा तंबाखू मळत ऐकायचा. ऐकून ऐकून सगळं पुस्तक तोंडपाठ.

परीक्षेला कळमनुरीहून साहेब आले. सोनाजीनं ओळीवर बोट ठेवलं अन् विहिरीचा धडा खडाखडा म्हणून दाखवला. साहेब खूश. पण धडा संपला तरी बोट पहिल्याच ओळीवर! साहेबाला दिसलं न्हाई. मला दिसलं, पद्मालाबी. मी तिला डोळ्यानं खुणावलं, बाप हाये, जाऊ दे.

ती बया कसली ऐकते! तिनं पान पलटलं. "बाबा, आता हे वाचा."

सोनाजी घामाघूम. "चष्मा घरी राहिला," म्हणाला. जन्मात चष्मा नव्हता त्याच्याकडं. पद्मानं सगळ्यांदेखत नापासाची चिठ्ठी लिहून बापाच्या हातात दिली.

घरी मी तिला लई झापलं. "काहून केलंस गं? बापाची अब्रू घालवलीस!"

पोरगी रडून राहिली होती. "बाबाला खोटं पास केलं, तर बाकीच्यांचं पास खरं कोण मानंल, आई?"

राग तर आलाच, पण खरं सांगते, पोरीचा अभिमानबी वाटला.

आठ दिवस सोनाजी तिच्याशी बोलला न्हाई. चिठ्ठी मात्र टाकीना. बांधावर बसून त्या चिठ्ठीवर बोट फिरवायचा. मला गुपचूप एकेक अक्षर विचारायचा.

नवव्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. पद्मा आली तसा उठला अन् बोट सरकवत वाचलं, "सो... ना... जी... ना... पा... स." मग एकदम ओरडला, "आगं, ह्याच्यात पास हाये की! हा 'ना' तेवढा खोड!"

सगळा वर्ग हसला. पद्मा डोळे पुसत म्हणाली, "खोडीन. पण आधी हे वाचा." अन् तिनं पुस्तकाचं पान पलटलं.

"बराबर हाये, मास्तरीणबाई," म्हणत बाप अडखळत वाचू लागला. ह्या खेपेला त्याचं बोट फुडं फुडं सरकत होतं.