बंद घराची पूर्ण पट्टी

मोंबासाहून निघालेली बोट मुंबईच्या धक्क्याला लागली, तेव्हा माझ्या खिशात म्युनिसिपालिटीची नोटीस होती आणि डोक्यात राग. सोलापुरातले माझे घर सहा वर्षे कुलूपबंद. बंद घराला निम्मी घरपट्टी माफ असते. तरी माझा अर्ज फेटाळून पूर्ण पट्टी मागितली होती. माफी मिळाली नाही तर घर विकून मोकळे व्हायचे, असे मी बोटीवरच ठरवले होते.

सोलापूर स्टेशनाबाहेर टांगा केला. भवानी पेठेत शिरताच हातमागांचा खटखटाट कानी आला आणि उगीचच बरे वाटले. घरापुढे उतरलो तो थबकलोच. उंबऱ्यापुढे सडा आणि त्यावर ताजी रांगोळी! माझ्या घरात कोण शिरले? किल्ली लावली, तर गंजलेले कुलूप हलेना.

शेजारच्या लक्ष्मम्मा अक्का तेलाची वाटी घेऊन आल्या. या तेलुगू विणकर बाई माझ्या आईच्या मैत्रीण.

"थांब अण्णा, तेल सोडते. आत कुणी न्हाय. मुग्गू (रांगोळी) मीच घालते की रोज."

त्यांनी वाढलेली भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊन कचेरी गाठली. कारकुनाने वही उघडली.

"आमचा माणूस तीनदा पाहून गेला. तिन्ही वेळा दारात ताजी रांगोळी. म्हणून 'वस्ती आहे' असा शेरा पडला."

"ती शेजारीण घालते हो!"

"मग तिला थांबायला सांगा. पुढच्या पाहणीत उंबरा कोरा दिसला की माफी मिळेल."

एवढे सोपे! परत येऊन अक्कांना सांगितले. त्यांनी हातातले सूत खाली ठेवले.

"घरातलं कुणी गेलं की मुग्गू घालत न्हाय आमी. तुझी आई गेली तवा तुझ्या दारात न्हाय घातला. तू तर जित्ता हायस की. मग उंबरा कोरा कसा ठिवू?"

सहा वर्षांत मी या बाईंना एक ओळही लिहिली नव्हती. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी माफीचा नाद सोडला आणि पूर्ण पट्टी भरली. वेड्याकडे पाहावे तसे कारकून माझ्याकडे पाहत राहिला.

आता मोंबासात दर वर्षी पावती येते. बंद घराची पूर्ण पट्टी भरतो म्हणून इथले मित्र माझी थट्टा करतात. करोत बापडे. अक्कांचे वय झाले आहे. एखाद्या वर्षी न मागताच माफी मिळेल, याचीच मला भीती वाटते.