वाकळेचा पडदा

खिडकी बुजवायची ठरली तेव्हा मी पहिल्यांदा सासूबाईंसमोर तोंड उघडलं. मोगलाईतलं मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई. घरासमोर नवी पोलीस चौकी झाली होती आणि शिपाई दिवसभर आमच्या खिडकीकडं टकामका बघत बसायचे. सासूबाई म्हणाल्या, "बाजार झाला की गवंडी बोलवा आन् चिणून टाका."

"भिंत कावून, आत्याबाई? पडदा शिवते की मी!"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बाजारापस्तोर शिव. न्हाईतर गवंडी हायच."

त्यांना काय सांगू, त्या खिडकीत माझा जीव अडकला होता. माझा बाप घोंगड्या विकायचा. सासूबाईही त्याच घोंगडीवर वाढलेल्या, पण मुलगा कचेरीत लागल्यापासून त्यांना तिचा वास येऊ लागला होता. लग्नानंतर सासरी पहिली पंगत बसली, तेव्हा त्या हसत म्हणाल्या, "याह्यांना तूप बेतानं वाढा, सवय न्हाई त्यांना." बाप भरल्या ताटावरून उठला. आमच्यात ताटावरून उठणं म्हणजे वाढणाऱ्याच्या थोबाडीत मारणं! त्या दिवसापासून तो आमच्या दारात आला नाही, आणि सासूबाई त्याला याही, म्हणजे व्याही, म्हणायचं सोडून 'तो घोंगडीवाला' म्हणू लागल्या.

पण दर बाजारी तो खांद्यावर घोंगड्या टाकून खिडकीखाली थांबायचा, दोनदा खाकरायचा. मी धावत जायची. एक शब्द नाही, नुसतं बघायचं. मग तो जायचा. तेवढंच माझं माहेर.

बाजाराला पाच दिवस होते. शिवायला बसले तर चित्त थाऱ्यावर नाही. चार टाके घातले की उठायची, चुलीशी जायची, कशाला आले ते विसरायची, परत यायची. सुई तर कितीदा बोटात शिरली. आणि मला शिवायला येत होतं काय? वाकळ! जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरायचे आणि कडेनं दोरा घालत मधे यायचं. थर विरलेला दिसला की हात आपोआप दुसरी चिंधी लावणार. घाईत माझं डोकं कुठं आणि हात कुठं. आईनं दिलेलं हिरवं लुगडंसुद्धा त्यात गेलं.

बाजारच्या दिवशी सकाळी पडदा टांगला आणि माझे डोळे उघडले. अगं बाई! दिवसाढवळ्या खोलीत अंधार. वाकळच ती, वाऱ्यानंही हलेना. आतून बाहेरचं दिसेना, बाहेरून आतलं. माझ्या हातांना आग लागो, भिंत नको म्हणून मी चिंध्यांची भिंत बांधली होती!

सासूबाई मात्र खूश. "आता कसं! गवंडी नगं." असं म्हणून त्या सूप घेऊन पडद्याला टेकूनच डाळ पाखडायला बसल्या. मी आत-बाहेर, आत-बाहेर. आज बाप नको येऊ दे रे देवा, असंही वाटलं आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

पाण्याची घागर घेऊन खोलीच्या दाराशी आले आणि बाहेर दोनदा खाकरणं ऐकू आलं.

सूप चालूच होतं.

"माय, हायस न्हवं? सुपाचा आवाज येतोय," बाप हळूच म्हणाला. "बोलू नगंस. कोंडलं तुला, कळलं मला. माज्यामुळंच झालं. त्या माऊलीनं एक शब्द टाकला आन् मी भरलं ताट टाकलं. लई मोठा मानाचा मी! दर बाजारी म्हन्तो, आज जाऊन पाया पडीन. आन् खिडकीपस्तोरच येतो. दारापस्तोर पाय उचलत न्हाई बग."

सूप थांबलं.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी घागर घट्ट धरून रडत उभी. आता आकांत होणार, दुसरं काय! त्या उठल्या, पदर डोक्यावर सारखा केला. मग पडद्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रडतीस काय उभ्यानं? याही आलेत. पाट मांड. आन् तुपाचं गाडगं खाली काढ."