काकांचा वासलेला आ

परमेश्वराने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, असं फादर सांगतात. मला विचाराल तर सातव्या दिवशी त्याने भुईगावातले माझ्या मावशीचे यजमान केले. एवढा पसारा मांडला, तर तो आ वासून बघणारा एक तरी गडी हवा ना! काकांना आ वासायला काहीही पुरतं. बस वेळेवर आली, आ. नाही आली, तरी आ: "एवढी मोठी बस, गेली कुठे?" एकदा वाडीत केळफूल उमलताना बघत इतका वेळ उभे राहिले की दुधीच्या वेलाने त्यांच्याच पायाचा आधार घेतला. खोटं कशाला सांगू, घरी आले तेव्हा लेंग्याला दोन दुधी लोंबत होते. शेजाऱ्याच्या मातीला गेले, तर तिकडे फादर प्रार्थना म्हणताहेत आणि हे खड्ड्यात वाकून, "माती बघा काय भुसभुशीत! पानवेल फोफावेल इथे!" मयताच्या मुलाने नंतर हळूच चिमूटभर माती चोळून बघितली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मावशी मात्र या आश्चर्यांवर कायमची रुसलेली. कारण थेट लग्नातलं. वेदीसमोर फादरनी विचारलं, "हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का?" आणि नवरदेव गप्प. मान वर. चर्चच्या वाशात चिमणीने घरटं बांधलं होतं! फादरना पुन्हा विचारावं लागलं, तेव्हा कुठे "हो" आलं. "चिमणीला बघून आ वासला," मावशी अजून भाजी चिरता चिरता सुनावते. "माझ्यासमोर हे तोंड उघडतं ते जेवायला."

"अगो, तू तर रोजचीच!" काका समजूत घालतात. त्यावर विळी जरा जोरात चालते.

गेल्या वर्षी काकांना वेदीवरच्या मारियामातेभोवती तेजोवलय दिसू लागलं. त्यांनी ते गावभर सांगितलं. दुकानातल्या मेणबत्त्या संपल्या, सांडोरहून रिक्षा भरभरून बायका आल्या. मावशीने एकच विचारलं, "आणखी कुणाभोवती दिसतं?"

"मासळीवालीभोवती! रस्त्याच्या दिव्याभोवती! आणि चंद्र तर दोन-दोन!"

त्या बायकांच्याच एका रिक्षात घालून मावशीने त्यांना वसईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू. इतका पिकलेला, की डॉक्टरांनीच आ वासला.

ऑपरेशनची पट्टी काढायच्या दिवशी मीही सोबत होतो. मावशी चर्चला जायची साडी नेसून आली होती. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "इस्त्रीची तेवढी एकच होती."

पट्टी निघाली. समोर मावशी.

"काका, दिसतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

काका गप्प. खिडकीत एक कावळा गजावर उलटा लोंबकळून कसरती करत होता. एरवी काका दिवसभर हलले नसते, पण आज त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तोंड हळूहळू उघडत गेलं.

"अहो काका, दिसतंय का?"

"बोला की," मावशी पुटपुटली. "दुसऱ्यांदा विचारताहेत."

"हो," काका म्हणाले. मग अगदी हलक्या आवाजात, "अगो, एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या?"

रिक्षात मावशी भुईगावपर्यंत भांडत आली. "इतक्या वर्षांनी बघितलंत आणि सुरकुत्याच दिसल्या का हो?" काका तिच्याकडेच बघत होते. त्यांचं तोंड अजून मिटलं नव्हतं. रिक्षावाल्याच्या आरशात मावशीने ते चोरून बघितलं, पदर सारखा केला, आणि पुन्हा एकदा बघितलं.