उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

माझा स्वभाव संशयी आहे, आणि तो मला नोकरीनं लावला. बावीस वर्षं मी तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात जीपांची लॉगबुकं तपासतो. ड्रायव्हर लिहितो, पोंभुर्णा ते चंद्रपूर, परत, मध्ये वळसा. वळसा कशाचा ते लिहीत नाही. डिझेल मात्र बरोबर वळशाएवढं जास्त गेलेलं असतं. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "साहेब गाडीत एसी लावून बसले होते भाऊ, गाडी उभ्या उभ्या चालू होती." हे कारण मी इतक्या वेळा ऐकलं आणि इतक्या वेळा लाल पेनानं खोडलं की आता ते वाचायच्या आधीच माझा हात उठतो. लॉगबुकात निघाल्याचा रकाना असतो, पोचल्याचा असतो. उभं राहिल्याचा नसतो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, आम्ही एक छोटी गाडी घेतली. सेकंडहँड, राखाडी रंगाची, मागच्या दाराला पोचा आलेली. ती माझ्यासाठी नव्हतीच. बायको नर्स आहे, आणि तिचं उपकेंद्र पोंभुर्ण्यापासून वीस किलोमीटरवर, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. एसटी आली तर आली, नाही आली तर कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जायचं, असं तिचं चाललं होतं. गाडी चालवायला ती माझ्याआधी शिकली आणि माझ्यापेक्षा बरी चालवते. हे मी तेव्हा कबूल करत नव्हतो.

गाडी विकणारे चंद्रपूरचे एक निवृत्त मास्तर होते. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "अठराच्या खाली कधी आली नाई." छातीवर हात ठेवणाऱ्या माणसावर तर माझा मुळीच विश्वास नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मी शंभर पानी वही आणली, तिच्यात रेघा मारल्या आणि अ‍ॅव्हरेज काढायला बसलो.

पद्धत साधी आहे. टाकी काठोकाठ भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, आठवडाभर गाडी चालवायची. मग त्याच पंपावर, त्याच नळीनं, गाडी त्याच जागी लावून पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढे किलोमीटर झाले त्यांना जेवढे लिटर बसले त्यानं भागायचं. त्याच जागी अशासाठी की आमच्या पंपाची फरशी एका बाजूला उतरती आहे, आणि गाडी कलली की टाकी भरायच्या आधीच नळी खटकन बंद पडते. पंपावरचा माणूस मला ओळखून होता. मी दिसलो की न विचारता म्हणायचा, "मीटर झिरो हाय भाऊ, पाहून घ्या." मी पाहून घ्यायचो.

हिवाळाभर आकडा अठरा-एकोणीसच्या आसपास राहिला. छोट्या जुन्या गाडीला एवढं म्हणजे चांगलंच. मास्तर खरं बोलले होते याचं मला थोडं वाईटच वाटलं.

मार्च संपता संपता आकडा घसरला. एका आठवड्यात सोळा, पुढच्या आठवड्यात तेरा. मी भागाकार तीनदा केला. किलोमीटर तेवढेच होते, रोजचे चाळीस-एकेचाळीस, एकही जास्त नाही. पेट्रोल मात्र दीडपट जात होतं.

आधी मी पंपावर संशय घेतला आणि पाच लिटरचं माप मागवून सगळ्यांसमोर मोजून घेतलं. माप बरोबर निघालं. त्या दिवसापासून पंपावरच्या माणसानं मला मीटर पाहायला सांगणं सोडलं. मग मी मेकॅनिकवर गेलो. त्यानं एअर फिल्टर काढून माझ्या नाकासमोर धरला, प्लग दाखवले, चाकांची हवा पाहिली आणि म्हणाला, "गाडी ठणठणीत हाय भाऊ. चालवणाऱ्याले पाहा." रात्री कोणी नळी घालून पेट्रोल काढत असेल म्हणून मी टाकीच्या झाकणावर कागदाची चिकटपट्टी लावली. पट्टी जशीच्या तशी राहिली. मास्तरांनासुद्धा फोन केला. चार-पाच महिने बरं चालेल असं काही करून देता येतं का, असं मी आडून आडून विचारलं, तर त्यांनी फोन ठेवून दिला.

शेवटी एका रविवारी मी स्वतः गाडी घेऊन चंद्रपूरला जाऊन आलो. साडेअठरा. पुढच्या शनिवारी काहीतरी निमित्त काढून बायकोच्या शेजारी बसून तिच्या उपकेंद्रापर्यंत गेलो-आलो. तिचा पाय हलका, गिअर वेळेवर. पुन्हा अठराच. म्हणजे गाडी चांगली, चालवणारी चांगली, रस्ता तोच. मी शेजारी नसलो की मात्र तेरा.

उत्तर एकच उरलं, आणि ते मीच आयुष्यभर लाल पेनानं खोडत आलो होतो. गाडी कुठेतरी उभ्या उभ्या चालू राहत होती. रोज तास-दीड तास.

आता मला बाकीच्या गोष्टीही दिसायला लागल्या. हिवाळ्यात सातला निघणारी बायको मार्चअखेरपासून पाचच्या आत निघत होती. विचारलं तेव्हा म्हणाली होती, "गावातल्या बाया सकाळीच भेटतात. मग उन्हात कोण सापडते?" आमच्याकडचं ऊन असं असतं की या उत्तरावर कोणीही मान डोलावेल. मीही डोलावली होती. पण उपकेंद्र आठला उघडतं. मग सव्वापाच ते आठ काय?

आणि वास. एके दिवशी गाडीचं दार उघडलं तर आत गोडसर, जड, थोडा आंबूस वास कोंडलेला होता. मागच्या सीटखाली हात घातला तर हाताला चिकट लागलं. मोहाचा वास आमच्या भागात लहान पोरालाही कळतो, आणि मोहाची दारूही. नदीपलीकडे गडचिरोली, तिथे दारूबंदी. सिस्टरची गाडी नाक्यावर कोण उघडून पाहतो? की दारू पिणारंच कोणीतरी गाडीत बसतं, एसी लावून, पहाटे, माझ्या बायकोसोबत? हे दोन्ही विचार मी केले. तीन रात्री केले. दुसऱ्यात जास्त वेळ गेला, आणि त्याची मला आजही शरम वाटते.

चौथ्या दिवशी जेवताना मी वही ताटाशेजारी ठेवली आणि कार्यालयातल्या आवाजात विचारलं, "गाडी कुठे उभी करतेस? कोणासोबत असतेस?"

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "कोणासोबत म्हंजे?"

"गाडीत दारूचा वास येतो."

मला वाटलं, आता ती रडेल किंवा भांडेल, आणि दोन्हींसाठी माझी तयारी होती. तिनं फक्त वही ओढून घेतली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि परत ठेवली. ताट उचलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा गाडीची किल्ली वहीवर ठेवलेली होती. बायको साडेसहाच्या एसटीनं गेली होती. संध्याकाळी आली, स्वयंपाक केला, गरजेपुरतं बोलली. पुढचा दिवसही तसाच गेला. गाडी दारात उभी, पेट्रोल जागच्या जागी, आणि मी खिडकीतून तिच्याकडे बघत बसलो. तिनं उत्तर दिलं नाही म्हणजे संशय खरा, असं धरून मला बरं वाटायला हवं होतं. बरं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, बायको बाजाराला गेली असताना एक म्हातारी दारात आली. नऊवारी वर खोचलेली, डोक्यावर टोपली. गावाचं नाव सांगितलं, ते बायकोच्या उपकेंद्राचंच गाव होतं. उंबऱ्याबाहेरच टेकली आणि दारातल्या गाडीकडे बोट करून म्हणाली, "बिघडली म्हणे जी हे? सिस्टरबाई सांगत होती."

"नाही. काऊन?"

"मंग पहाटे घेऊन येऊन काऊन नाई राह्यली? तीन दिस झाले. आमी वाट पाहून राह्यलो."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि मग तिनं सगळं सांगितलं. मला काही ठाऊक नाही हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

गेल्या वर्षी मोहाच्या दिवसांत त्यांच्या गावची एक बाई वाघानं नेली होती. मोहाची फुलं पहाटे पडतात. उजाडल्यावर गेलं तर गुरं आणि हरणं खाऊन गेलेली असतात, म्हणून बायका अंधारातच झाडाखाली जातात. आणि मोह वाकून वेचावा लागतो. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. या वर्षी कोणी जायला धजेना. तेव्हा सिस्टरबाईनं आपली गाडी रोज झाडांच्या ओळीपाशी आणून उभी करायला सुरुवात केली. इंजिन चालू, मोठे दिवे जंगलाकडे, मधूनमधून हॉर्न. बॅटरी उतरते म्हणून इंजिन बंद करता यायचं नाही, आणि तो आवाजही हवाच होता. बायका दिव्यांच्या उजेडात वेचायच्या, भरल्या टोपल्या घटकाभर मागच्या सीटवर ठेवायच्या. ऊन वर आलं की ती उपकेंद्र उघडायला जायची.

"अन् हे तीन दिस?" मी विचारलं.

"अर्ध्या बाया थाळ्या वाजवे, अर्ध्या येचे. भेव लागते जी. पाव टोपलंबी नाई भरलं." मग टोपलीतून तिनं वाळल्या मोहाची पुरचुंडी काढून उंबऱ्यावर ठेवली. "सिस्टरबाईले द्या. गाडी दुरुस्त करून घ्या म्हणा."

बायको बाजारातून आली तेव्हा पुरचुंडी तिथेच होती. ती तिनं पाहिली आणि सगळं कळून पिशव्या खाली ठेवल्या.

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो. माझा आवाज अजूनही चढाच होता, सवयीनं.

"गेल्या साली पेपरात ते बातमी वाचून तुमी काय म्हणाले होते, आठवते?"

मला आठवत होतं. चहा पिता पिता म्हणालो होतो, अंधारात जंगलात कशाला तडमडायला जातात या बाया.

"वाघानं नेली तिच्या दोन्ही बाळंतपणाले मी होती," बायको म्हणाली. "तुमाले सांगितलं असतं तर तुमी वही काढली असती."

मी किल्ली तिच्यासमोर धरली. तिनं घेतली नाही. "तुमीच जा उद्या. किती किलोमीटर आहे ते तुमाले पाठच आहे."

मी गेलो. मोठेपणा म्हणून नाही, तिच्यासमोर दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. पाचला काळोखच होता. म्हातारीनं हातानं खुणावलं तिथे गाडी लावली, दिवे लावले, आणि दिव्यांपुढे दहा-बारा बायका वाकल्या. फुलं टपटप पडत होती तेवढा आवाज, आणि इंजिनाचा. दिव्यांचा उजेड जिथे संपत होता तिथे झुडपं हलल्यासारखी वाटायची आणि मी हॉर्न दाबायचो. गाडीच्या आत, काचा वर करून बसलो होतो, तरी मी दारांची लॉकं पुन्हा पुन्हा तपासत होतो. माझी बायको जवळपास महिनाभर इथे रोज बसत होती, आणि मी घरी भागाकार करत होतो. पेट्रोलचा काटा खाली येत असणार. आयुष्यात पहिल्यांदा तो किती खाली आला ते मी पाहिलं नाही.

उजाडल्यावर बायकांनी टोपल्या मागच्या सीटवर ठेवल्या. निघताना म्हातारीनं खिडकीतून मूठभर ताजी फुलं माझ्या मांडीवर टाकली आणि विचारलं, "सिस्टरबाई बरी हाय ना जी?" मी हो म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा बायको साडीच्या पिना लावून एसटीला निघायच्या तयारीत अंगणात उभी होती. मी उतरलो आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं. ती जवळ आली, वाकून आत डोकं घातलं, वास घेतला आणि सरळ उभी राहिली.

"दारूचा वास येते," ती म्हणाली. "कोणासोबत होते तुमी?"

ती हसेल म्हणून मी थांबलो. तिनं माझ्या हातातून किल्ली घेतली, गाडीत बसली आणि निघून गेली. ती हसली नाही.