तळाची अक्षरं

आजेसासऱ्यांनी बोटीवरून आणलेल्या सहाणेवर चंदन उगाळताना आज पुन्हा पाण्यात काळी छटा उतरली. नातीने एका जाणकाराला फोटो दाखवला, तेव्हा कळलं की ही सहाण नव्हेच, चीनकडची शाई उगाळायची शिळा आहे.

"आजी, तळाशी अक्षरं असतील बघ. त्यावरून कोणाची ते कळेल."

होती ना! चांगली उठावाची होती. त्यांच्यामुळे सहाण डुगडुगायची, म्हणून नव्या नवरीने, म्हणजे मीच, अंगणातल्या फरशीवर आठ दिवस घासून तळ गुळगुळीत केला. वर सासूबाईंची शाबासकी घेतली. काय ती टापटीप, बाई!

आता तळावरून बोट फिरवते आणि स्वतःवरच चिडते. त्या लिहिणाऱ्याची शाई इतक्या वर्षांत निघाली नाही. नाव मात्र मी आठ दिवसांत काढलं.