आधी पाव फेरा उलटा

आटेमास्तरांचे खरे नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवरही नव्हते. पाटीवर फक्त एक भलामोठा स्क्रू रंगवलेला होता आणि ज्याला त्याचा अर्थ कळे तोच आत येई. मोटारीच्या इंजिनावरचे झाकण, म्हणजे हेड, अॅल्युमिनियमचे, त्यात बसणारा स्पार्क प्लग पोलादाचा. प्लग तिरका लागला आणि कोणी घाईने पान्यावर जोर काढला की मऊ धातूतले आटे कापले जातात आणि बोटभर प्लगपायी अख्खे हेड बदलायची वेळ येते. आटे गेलेली अशी हेडे गावभरच्या गॅरेजांतून मास्तरांकडे येत. ते बिघडलेले भोक किंचित मोठे करीत, त्यात नवे आटे पाडून पोलादी बुश, म्हणजे आटेदार कडे, बसवीत आणि हेड परत देताना प्रत्येकाला एकच गोष्ट बजावीत, "प्लग हातानं लावायचा. पाना शेवटी. आणि आधी पाव फेरा उलटा."

त्या उलट्या फेऱ्यात त्यांची सारी विद्या होती. प्लग भोकावर ठेवून उलटा फिरवला की एका क्षणी आट्याचे तोंड आट्याशी जुळते आणि प्लग केसभर खाली पडतो. त्याचा आवाज असा होत नाही. ते पडणे बोटांना कळते. कळले की मगच सुलटा फिरवायचा. मास्तरांनी हे चाळीस वर्षे केले आणि एके दिवशी दुकान बंद केले.

"कंटाळा आला," त्यांनी घरी सांगितले.

बायकोने विश्वास ठेवला नाही. ती घरच्या पुढल्या खोलीत कपडे शिवून देई. गल्लीत तिला सगळे शिवणबाईच म्हणत. "जेवताना ताटाखाली नटबोल्ट सापडतात तुमच्या," ती म्हणाली, "तुम्हाला कसला कंटाळा येतोय." पण पुढे तिने विचारले नाही. खरे कारण डॉक्टरांनी सांगितले होते आणि ते मास्तरांनी स्वतःपाशीच ठेवले होते. वर्षानुवर्षे ग्राइंडर धरून बोटांच्या टोकांची संवेदना गेली होती, आणि ती परत येईल अशी आशा डॉक्टरांनी दाखवली नव्हती.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी मोटार होती. भंगाराच्या भावात आणलेली, अकरा वर्षे तयार होत आलेली. तिच्यातून शिवणबाईंच्या थोरल्या बहिणीकडे जायचे होते. ताई राहत होती तिथवर बस पोचत नसे. दोनदा गाडी बदलून वर मैलभर चढ, आणि शिवणबाईंचे गुडघे जिन्यालाही कुरकुरत. "या उन्हाळ्यात नक्की," असे मास्तर दर उन्हाळ्यात म्हणत. बहिणींचे चालले होते ते दर रविवारच्या फोनवर, तासतासभर.

या वर्षी सलग तीन रविवार ताई फोन उचलून "हॅलो, कोण? कुणीच बोलत नाही," म्हणाली आणि ठेवून देत राहिली. चौथ्या रविवारी तिच्या मुलाने फोन घेतला. "मावशी, आईला आता फोनवर ऐकू येत नाही. समोर बसून, तोंडाकडे बघत बोललं की सगळं कळतं."

शिवणबाईंनी फोन खाली ठेवला. मग मागे जाऊन शेडच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, ही गाडी," त्या म्हणाल्या, एवढेच.

"भाड्यानं करू या का दुसरी?"

"म्हणजे ड्रायव्हर बाहेर घड्याळ बघत बसणार. अकरा वर्षांचं समोर बसून बोलायचंय मला. दोन दिवस तरी लागतील."

अकरा वर्षांत झाले नव्हते ते मास्तरांनी तीन आठवड्यांत उरकले. चार प्लग तेवढे राहिले होते. पहिले दोन बसले. तिसरा भोकावर ठेवून त्यांनी नेहमीप्रमाणे उलटा फिरवला आणि तो पडण्याची वाट पाहिली. बोटांना काही कळले नाही. पडला असेल, असे त्यांनी मनाशी धरले. सुलटा फिरवला, तो जरा जड गेला, आणि ज्या गोष्टीवरून त्यांनी साऱ्या गावाला बोल लावले होते तीच त्यांनी केली. पाना घेतला.

चालवून पाहायला गाडी बाहेर काढली तेव्हा दुसऱ्याच वळणावर बॉनेटखाली फाडकन आवाज झाला. उरलेल्या तीन प्लगांवर ती कशीबशी, लंगडत घरी आली. तिसरा प्लग वायरीला लोंबत होता आणि भोकात आट्यांच्या जागी कातरलेल्या धातूची चकचकीत सालपटे होती.

त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक गॅरेजवाला पाहायला आला. टॉर्च लावून त्याने आत डोकावले. "मास्तर, कुणी लावला हो हा? बोटं मोडायला हवीत त्याची."

"मीच."

तो हसला, मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. "नव्या हेडच्या खर्चात अशीच दुसरी गाडी येईल," तो टॉर्च विझवत म्हणाला. "त्यापेक्षा बुश टाका. मी नाही टाकत, तुम्ही दुकान बंद केल्यापासून सरळ हेडच बदलतो. ते काम तुमच्या हाताचं."

तो मनापासून बोलला होता. म्हणूनच ते जास्त लागले.

दोन दिवस मास्तर शेडमध्ये उघड्या बॉनेटसमोर स्टूल टाकून बसून होते. आटे पाडायचा टॅप हातात घेत, भोकापर्यंत नेत आणि परत ठेवत. टॅप तिरका उतरला तर हेड कायमचे गेले, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तिसऱ्या दिवशी सकाळी शिवणबाई चहा घेऊन आल्या.

"एवढं टक लावून तर मला पाहायला आलात तेव्हाही बघितलं नव्हतं."

"हेड बदलावं लागणार."

"बुश का नाही?" चाळीस वर्षे जेवताना त्यांनी तोच विषय ऐकलेला होता.

मास्तरांनी टॅप फडक्याने पुसून परत ठेवला.

"दीड वर्ष बघतेय मी," त्या म्हणाल्या. "कढत पातेलं उचलता आणि सावकाश खाली ठेवता. शर्टाचं बटण बघून बघून लावता."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात?" त्यांनी कप त्यांच्या हातात न देता स्टुलाच्या कडेला ठेवला. "माझी बोटं शाबूत आहेत. सांगा काय करायचं ते."

"अगं, हे लोखंडाचं काम आहे."

"मग सुई काय लाकडाची असते?"

कापलेल्या धातूचा कीस इंजिनात पडू नये म्हणून मास्तरांनी टॅपच्या खाचांत ग्रीस भरले. तो भोकावर उभा करून, काटकोन लावून दोन बाजूंनी डोळा मिटून पाहिले आणि तो फिरवायची दांडी बायकोच्या हातात दिली.

"कसं लागतंय?"

"बरं लागतंय."

"तसं नाही. कसं?"

मास्तरांना कोणी हे कधी विचारले नव्हते, आणि त्यांनीही कोणाला विचारले नव्हते. बोटांनी जाणलेल्या गोष्टीला आजवर शब्दांची गरज पडली नव्हती. आता ती गोष्ट समोरच्या माणसाच्या हातात होती आणि तिच्यापर्यंत जायला शब्दांखेरीज वाट नव्हती.

शिवणबाईंनी विचार केला. "धुतलेल्या मलमलीत सुई जाते ना, तसं."

"चालू दे."

"आता कोरं कापड लागलं. खळीचं."

"थांब. पाव फेरा उलटा."

त्यांनी फिरवला. "अगंबाई. काहीतरी तुटलं."

"कीस तुटला. तुटायलाच हवा. आता सुलटा, अर्धा."

असे दुपारपर्यंत चालले. मध्येच त्या कंबर धरून उठत, टॅप बाहेर काढून पुसत आणि "शिलाई काय देणार?" असे विचारून पुन्हा वाकत. आटे पडले. मास्तरांनी भोक स्वच्छ पुसले, आरसा धरून आत पाहिले. बुश बसला. मग त्यांनी नवा प्लग बायकोच्या बोटांत दिला आणि स्वतःचे हात पाठीमागे घेतले.

"आधी उलटा."

त्या फिरवू लागल्या. डोळे मिटलेले. फिरवता फिरवता थबकल्या. "पडला."

"नक्की?"

"बटण काजातून सुटतं तसा."

मास्तर म्हणाले, "पुन्हा एकदा कर."

त्यांनी पुन्हा केले. "पडला."

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा करायचे काहीच कारण नव्हते. शिवणबाईंच्या जिभेवर एरवी अशा वेळी काहीतरी आले असते. त्यांनी प्लग उचलला, भोकावर ठेवला, उलटा फिरवला आणि या वेळी जरा हळू म्हणाल्या, "पडला बघा."

दोन दिवसांनी सकाळी ते निघाले आणि चढ चढून दुपारी ताईच्या दाराशी पोचले. ताई काठी टेकत पायरीवर आली. बहिणी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मास्तर गाडीतून उतरले. इंजिन चालू ठेवून बॉनेटपाशी कान देऊन उभे राहिले. चारही ठोके एकसारखे येत होते.

ताईने काठी सावरत गाडीपाशी येऊन तळहात बॉनेटवर टेकला. "चालू आहे वाटतं अजून."

मास्तर तिच्या समोर आले, तिला ओठ दिसावेत म्हणून शब्द सुटे सुटे करीत त्यांनी विचारले, "कशी लागते?"

ताईने हात तसाच ठेवून त्यांच्या तोंडाकडे पाहिले. "मांजर मांडीवर बसून गुरगुरतं तशी," ती म्हणाली. "पण बंद करा आता. बोलायचंय आम्हाला."

"तुला कुठे आवाज येतोय?" शिवणबाई म्हणाल्या.

"तुला येतोय ना. मग तू ओरडत बसशील."

बहिणी आत गेल्या. मास्तरांनी ताईच्या हाताच्या जागी आपला हात टेकला. बोटांना काही कळले नाही. त्यांनी हात पुढे सरकवला, पालथा केला आणि मनगट टेकले. तिथे, फार खोलवरून आल्यासारखे, काहीतरी हलत होते. आतून ताईचा आवाज आला, "इकडे वळ, तोंड दिसू दे तुझं." मास्तरांनी आणखी थोडा वेळ मनगट तिथेच राहू दिले आणि मग जाऊन किल्ली फिरवली.