शहाण्या मुलीचा शेवट

डोंबिवलीत मी पाळणाघर चालवायचे तेव्हा आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीवर मुलं मरायची. चित्रातच, पण एकही साध्या मरणाने नाही. एकीला घारीने उचललेलं, एक खाटेसकट खाडीला लागलेला, एकीने पाण्याच्या पिंपात वाकून पाहिलेलं आणि वर नुसते दोन पाय. खाली माझ्या अक्षरात चार ओळी. आज कुणी असं पाळणाघर बघितलं तर पोलीस बोलावतील. तेव्हा आया दारात उभ्या राहून वाचायच्या, हसायच्या आणि पळायच्या, कारण त्यांना घाई असायची.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. नवरा ठाण्याला, माजिवड्याजवळच्या कारखान्यात तीन पाळ्यांत. घरी असला तर आडवा. सासरे रिटायर झालेले, ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन. आणि आतल्या खोलीत नऊ-दहा पोरं, आमची एक धरून. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसं. फक्त हे घोडं मीच पाटी लावून बोलावलेलं, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती.

लोक मला विचारतात, तुम्हाला मुलांची खूप आवड असेल ना? आवड कसली. मी दमलेली असायचे. सकाळी त्यांच्या आया त्यांना दारात सोडून मुंबईला ऑफिसात जायच्या आणि दिवे लागल्यावर परत यायच्या. मधल्या वेळात मला एकच काम होतं: दुसऱ्याचं पोर जसंच्या तसं परत करायचं. घरात पाण्याने भरलेलं पिंप, जमिनीवर पेटता स्टोव्ह, गॅलरीला चढता येतील असे आडवे गज. माझा जीव दिवसभर टांगणीला. ओरडून बघितलं, फटके देऊन बघितले, देवाची शपथ घालून बघितली. पोरं माझ्यापेक्षा चिवट होती.

माझ्या माहेरी भिंतीवर यमपुरीचं चित्र असायचं. खोटं बोलणाऱ्याची जीभ सांडशीने ओढतायत, चोरी करणाऱ्याला कढईत तळतायत. आम्ही भावंडं जेवताना त्याच्याकडेच बघत बसायचो. घाबरायचो वगैरे नाही, उलट आज तळणं बघू की ओढणं बघू असं चालायचं. पण एवढं खरं, की खोटं बोलताना जीभ जागेवर आहे ना ते बघायचो. ते आठवलं आणि एका दुपारी मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पोरांचेच तेलकट खडू घेतले आणि पहिला मुलगा बुडवला.

त्याला कारण होतं. आमच्याकडे पाणी पहाटे यायचं आणि मग नळ दिवसभर कोरडा. पोरं तो कोरडा नळ फिरवून बघायची आणि तसाच उघडा टाकून पळायची. एखाद दिवशी दुपारी अवचित पाणी सुटलं की मोरी भरून घरात, आणि घरातून खालच्या मजल्यावर. खालच्या बाई वर येऊन जे बोलायच्या ते मी इथे लिहीत नाही. मी लिहिलं ते हे:

कोरडा म्हणून उघडा टाकला
नळ एकाने झोपताना;
पाणी आलं, खाट तरंगली,
दिसला शेवटचा खाडीत जाताना.

चित्रात खाट, खाटेवर उशीला मिठी मारून झोपलेला मुलगा, आणि पुढे खाडीचा पूल. मी काही चित्रकार नव्हे. पण उशी बरी जमलेली.

दुसऱ्या दिवसापासून पोरं दर थोड्या वेळाने जाऊन नळ घट्ट पिळायला लागली. मग मला चटक लागली. गॅलरीच्या गजांसाठी मी गिधाड काढलं. सासरे चष्मा वर करून म्हणाले, "सूनबाई, डोंबिवलीत गिधाड कुठून आणलंत? समोरच्या टाकीवर घारी बसतात, घार घ्या. आणि तिसऱ्या ओळीत मात्रा कमी पडतेय." पोर मरतंय याचं त्यांना काही नव्हतं, मात्रा पुऱ्या हव्यात. त्यांनी सुधारून दिलेली ही:

गजावर चढली, वाकून पाहिलं,
"खाली कोण?" म्हणाली जोरात.
घार म्हणाली, "मीच की बाई!"
उरली रिबीन तेवढी घरात.

मला वाटलेलं पोरं रडतील. पोरं रांग लावून उभी राहिली. काकू, माझं काढा. काकू, मला पण मारा ना. एक मुलगा सकाळी चप्पल काढायच्या आधीच विचारायचा, आज मी कसा मरू? स्टोव्हवर की पिंपात? मी म्हणायचे, आधी दूध पी, मग बघू. आणि तो निमूट दूध प्यायचा. मरणाच्या आशेने इतकं दूध कुणी प्यायलं नसेल.

त्यात एक चावरा होता. बँकेतल्या बाईंचा एकुलता एक. कुणाचाही दंड, कुणाचाही गाल. त्याच्यावर लिहिलं:

कुणाचा दंड, कुणाचा गाल,
चावत सुटला दिवसभर;
संपली सगळी, भूक संपेना,
स्वतःला खाऊन दिला ढेकर.

चित्रात नुसता ढेकर काढला, ढगासारखा, आणि शेजारी दोन रिकाम्या चपला. सासऱ्यांनी पहिल्यांदाच काही सुधारलं नाही. चावऱ्याने चावणं बंद केलं आणि मी सुटले म्हटलं.

सुटते कुठली. आठवड्याभरात त्याची आई संध्याकाळी आली ती चपला न काढता आत आली. त्याचं मनगट माझ्यापुढे धरलं. त्यावर त्याच्याच दातांचे गोल. "याला विचारलं काय केलंस, तर म्हणतो चव बघत होतो," ती म्हणाली.

मला हसू आलं. ते मी दाबलं, पण तिला दिसलं. ती चिडेल, वाटेल ते बोलेल, मुलाला काढून नेईल असं मला वाटलं. पण ती भिंतीकडे वळली आणि एकेक पान सावकाश बघत गेली. बाईला दिवसभर पैसे मोजायची सवय, तशी ती मुलं मोजत होती.

"वहिनी, सगळ्यांची मुलं मारलीत तुम्ही. तुमची कुठाय?"

मी म्हटलं, "ती शहाणी आहे हो. मस्ती करत नाही. कशावर लिहू?"

मुलाला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तो आलाच. दुसरं पाळणाघर होतं कुठे?

आता माझ्या मुलीचं सांगायला हवं. ती तेव्हा सहाची. शाळा सकाळची, दुपारी घरी. आणि घरी आली की ती मला काकू म्हणायची. हा माझाच नियम. सुरुवातीला ती आई, आई करत मागे यायची, आणि तिने आई म्हटलं की बाकीच्या सगळ्यांना आपापली आठवायची. एक सुरू झाला की सगळीच सुरू. ते रडगाणं एकदा ऐकलंत तर कानाला खडा लावाल. म्हणून मी तिला समजावलेलं, पोरं असताना मी तुझी पण काकू. तिने एकदाच ऐकलं आणि पुन्हा चुकली नाही. चटया घालायची, लहानांना पाणी द्यायची, कुणाचं नाक वाहिलं तर मला हाक मारायची, काकू, याचं नाक. मी इतकी दमलेली असायचे की मला ते सोयीचं वाटायचं. सोयीचंच होतं ते, खोटं कशाला बोलू.

पण बँकेतल्या बाईचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी दुपारी पोरं झोपल्यावर मी पान घेऊन बसले. म्हटलं, हिचंही एक काढून टाकू, म्हणजे कुणाचं बोलणं नको. स्टोव्ह काढला. पुसला. पिंप काढलं. पिंपाच्या वर पाय काढायचे होते, तर खडू तिथेच थांबला. दुसऱ्यांच्या पोरांना मी हसत हसत घारीच्या तोंडी दिलेलं, आणि आपल्या पोरीचे दोन पाय मला काढवेनात. तेव्हा त्या बाईने काय विचारलेलं ते मला नीट कळलं. दारात उभी राहून ती हसायची ना, ते हसू किती ओढून आणलेलं होतं तेही कळलं.

मुलगी केव्हा शेजारी येऊन बसली कळलं नाही. तिने पान बघितलं.

"हे माझं?" तिने हळूच विचारलं, बाकीची उठू नयेत म्हणून.

"हो. पण जमत नाहीये बघ. तू काही वाईट करतच नाहीस."

"मी सांगते काकू, तू काढ," ती म्हणाली. तिने आधीच करून ठेवलेलं सगळं. कधीपासून ते देव जाणे. "एक मुलगी होती. ती शहाणी होती. संध्याकाळी सगळ्यांच्या आया आल्या आणि सगळ्यांना घेऊन गेल्या. तिला न्यायला कुणी आलंच नाही."

मी वाट बघत होते पुढे काहीतरी येईल, घार येईल, पूर येईल. तिचं संपलेलं.

"अगं, पण तिचं घर तर तेच ना?" मी म्हटलं. "ती आहेच की घरात. तिला कोण कशाला न्यायला येईल?"

"हो ना," ती म्हणाली. "म्हणूनच."

मी खडू घेऊन बसून राहिले. रोज संध्याकाळी बेल वाजली की पोरं कशी उठायची ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. हातातलं टाकून, चपला उलट्या घालून, आई आली, आई आली करत. आणि ही त्यांच्या पिशव्या शोधून द्यायची. रोज. बेल वाजली की ही उठायची ती पिशवीसाठी. मी ते दहादा बघितलेलं आणि मनात म्हटलेलं, किती गुणी आहे. मला माझाच राग आला, आणि रागवायलाही अंगात त्राण नव्हतं. तेवढ्यात एक पोर उठून रडायला लागलं आणि मला उठावं लागलं.

त्या दिवशी गाड्यांचा काहीतरी घोळ होता. शेवटची आई आली तेव्हा साडेआठ होऊन गेलेले. माझ्या पायांचे तुकडे पडायचे बाकी होते. ते पोर गेलं तसं मी सासऱ्यांना म्हटलं, जरा खाली जाऊन येते. लग्नात मिळालेली पर्स कपाटातून काढली, खांद्याला लावली, चप्पल घातली आणि तीन जिने उतरले. खाली पोचल्यावर एक मिनिट शेवटच्या पायरीवर बसले. मग कठड्याला धरून पुन्हा वर चढले आणि आमच्याच दाराची बेल वाजवली.

आत चटया ओढल्याचा आवाज आला, मग पावलं. दार तिनेच उघडलं. माझ्याकडे बघितलं, पर्सकडे बघितलं. हसली वगैरे नाही.

"किती उशीर केलास, आई," ती म्हणाली, आणि चपला शोधायला आत पळाली.

मी दारातच उभी राहिले. तिला न्यायचं कुठे हे मी ठरवलंच नव्हतं. ती चपला घालून आली, माझं बोट धरलं. मग आम्ही दोघी खाली उतरलो, बिल्डिंगला एक फेरी मारली आणि परत तीन जिने चढून घरी आलो.